क्लॅम्पच्या आतलं कुंकू

माझे वडील दुरुस्तीला आलेली वस्तू कधीही मळकी परत करत नसत. ते गेल्यावर भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला हे सांगितलं आणि प्रत्येकापुढे मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला त्या सवयीची चीड आहे. तीस वर्षं होऊन गेली, अजून ती गेलेली नाही. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणतात, पण मी मनात भांडायची थांबलेली नाही.

बाबा फौजेच्या वर्कशॉपमध्ये दुर्बिणी आणि मोजमापाची उपकरणं दुरुस्त करायचे. निवृत्त होऊन पनवेलला आले तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं. तळ्याच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत त्यांचं टेबल. चहूकडे जमिनी मोजणारे लोक फिरत होते, त्यामुळे लेव्हल आणि थिओडोलाइट या मोजणीच्या दुर्बिणींची आवक बरी होती. शिवाय शाळांचे मायक्रोस्कोप, लग्नातल्या फोटोग्राफरांचे कॅमेरे, पक्षी बघायला येणाऱ्यांच्या दुर्बिणी. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. मी चोवीस वर्षांची होते, सकाळी एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायचे आणि दुपारनंतर बाबांचा डोळा व्हायचे.

डोळा म्हणजे अक्षरशः डोळा. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ते म्हणायचे, पाऊस संपू दे. पाऊस संपला की म्हणायचे, थंडी संपू दे. बारीक काम ते डाव्या डोळ्यावर रेटून नेत, पण शेवटची पाहणी माझ्याकडे असायची.

ती पाहणी खिडकीत व्हायची. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी शिसवीचा एक ठोकळा स्क्रूने कायमचा बसवला होता आणि त्याला वरून खाच पाडली होती. दुर्बीण त्या खाचेत ठेवायची आणि फुली, म्हणजे भिंगातल्या उभ्या-आडव्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा, बरोबर कर्नाळ्याच्या सुळक्याच्या टोकावर आणायची. मग दुर्बीण उचलून भुशाच्या पिशवीवर ठेवायची आणि लाकडी हातोडीने चारी बाजूंनी ठोकायची. पन्नास ठोके. परत खाचेत ठेवायची. मी डोळा लावायचे. बाबा विचारायचे, "हलली का?" फुली सुळक्यावर असेल तर मी म्हणायचे, "नाही हलली." एवढ्यावर ती वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात जायची. पावसाळ्यात सुळका आठ-आठ दिवस ढगात असायचा, तेव्हा गिऱ्हाइकाने कितीही आदळआपट केली तरी बाबांचं उत्तर ठरलेलं, "सुळका दिसला की मिळेल."

साहेब आले ते अशाच एका पावसाळ्यात. ते मूळ मुंबईचे, काहीतरी बांधकामाचा व्यवसाय होता. शिरढोणच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी जमीन घेऊन फार्महाऊस बांधलं होतं, त्या वेळी तशी एक लाटच आली होती. थोडा भात लावला होता. त्या भातात रानडुकरं शिरतात म्हणून त्यांनी डुकरं मारायचा परवाना काढला होता. आजूबाजूच्या गावांतल्या लोकांच्या भातातही डुकरं शिरत, पण ते रात्रभर पत्रे बडवत बसत. साहेबांकडे तीनशे पंधरा बोअरची रायफल होती आणि त्या रायफलवर मेव्हण्याने परदेशातून आणून दिलेली दुर्बीण होती.

"एक नंबर चीज आहे मिस्त्री," ते म्हणाले. "व्हेरिएबल. दीडपासून पाचपर्यंत झूम होते. लाइफटाइम गॅरंटी."

गॅरंटी अमेरिकेत होती आणि दुर्बीण पनवेलमध्ये. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या आत धुकं भरलं होतं, भिंगाच्या कडेला बुरशीचे तंतू दिसत होते. शिवाय फुली हलत होती. रिंग दीडवर असताना जिथे फुली, तिथून पाचवर नेली की ती खाली उतरायची. बाबांना 'मिस्त्री' म्हटलेलं मला आवडत नसे. बाबांना त्याचं काही नव्हतं, ते दुर्बिणीत बघत होते.

साहेब गेल्यावर बाबांनी मला ती उघडून दाखवली. एका नळीत दुसरी नळी. रिंग फिरवली की आतली भिंगं तिरक्या खाचांतून मागेपुढे सरकतात आणि चित्र लहानमोठं होतं. "एकाच नंबरची असती तर आत हलायला काही नसतं," ते म्हणाले. "हिच्यात सगळं हलणारंच. मोठ्या बंदुकीचा धक्का बसला की आतली खाच झिजते, मग फुली पाहिजे तिकडे जाते. पण नीट केली तर टिकेल. कमी नंबरची आहे, भिंगं लहान आहेत, ही धक्का खाऊ शकते."

ती नीट करायला त्यांना महिना लागला. खाचेत सरकणारी पितळेची खिट्टी त्यांनी नवी घडवली. रबराच्या चकत्या बदलल्या. बुरशी काढली. आतली हवा कोरडी राहावी म्हणून नायट्रोजन भरायचा असतो, तो कुठून आणणार? तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात त्यांच्या ओळखीचा माणूस होता. त्याने फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये गॅस भरून दिला आणि बाबा तो फुगा पिशवीत घालून एसटीने घेऊन आले. कंडक्टरने विचारलं, नातवाला का? बाबा हो म्हणाले. घरी येऊन हसत सांगत होते. ते इतके हसलेले मी क्वचितच पाहिले. एवढ्यासाठीही मला पुढचं सगळं माफ करता येत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी सुळका दिसला. पन्नासऐवजी त्यांनी शंभर ठोके मारले. मी दीडवर बघितलं, पाचवर बघितलं. फुली जागची हलली नव्हती.

रायफलवर दुर्बीण धरून ठेवणारा क्लॅम्प साहेबांनी एका लेथवाल्याकडून करून घेतला होता, तो बाबांना पसंत नव्हता. पण दसरा आठ दिवसांवर आला होता आणि साहेबांना रायफल पूजेला हवी होती. तेव्हा बाबांनी त्याच क्लॅम्पचे स्क्रू घट्ट आवळले आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत माझ्या नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, लगेच कळतं. माझी नेलपॉलिशची बाटली अशीच संपायची आणि मी कुरकुरायचे.

नेम बसवायला आम्ही साहेबांच्या जीपमधून फार्महाऊसवर गेलो. बाबांना कागदावरची भोकं नीट दिसणार नाहीत म्हणून मीही गेले. तिथेच तो मला पहिल्यांदा दिसला. वरच्या कातकरवाडीतला, तिशीचा, सडसडीत माणूस. साहेबांच्या शेतावर रोजाने असायचा आणि डुकरं उठवायला हाकाऱ्याचं काम करायचा. बांधाला टेकवून कागद त्यानेच लावला. बाबांनी नेम बसवत बसवत गोळ्या मारल्या, शेवटच्या तीन साहेबांना मारायला लावल्या. तो धावत जाऊन कागद घेऊन आला आणि तिन्ही भोकांवर अंगठा ठेवून म्हणाला, "बघा, समदी झाकली."

मग त्याने बाबांना विचारलं, "मी बघू का एकदा?" बाबांनी गोळी सुटू नये म्हणून रायफलचा बोल्ट काढून ठेवला आणि रायफल पिशवीवर टेकवून त्याला बघू दिलं. रिंग दीडवरून हळूहळू पाचवर नेली. तो डोळा न काढता बोलत होता. "डोंगर जवळ आला. अजून जवळ आला. पन बाजूचा झाड कुठं गेला?"

"तेच तर," बाबा साहेबांकडे वळून म्हणाले. "पाचवर नेलं की बाजूचं दिसत नाही. हाकाऱ्यात रिंग दीडवर ठेवा. पाचवर जनावर समोर दिसेल, पण शेजारी माणूस उभा असला तर तो दिसणार नाही."

"ठीक आहे, ठीक आहे," साहेब म्हणाले आणि त्याच्या हातून रायफल काढून घेतली. "चल, बास झालं तुझं."

निघताना बाबांनी आणखी एक सांगितलं. पूजा करा, पण दुर्बीण रायफलवरून काढू नका. गंध दुर्बिणीच्या रिकाम्या खोक्याला लावा, काचेला नको. आणि काढलीतच, तर पुन्हा तीन गोळ्या कागदावर मारून नेम बघून घ्या. आमच्या घरीही दसऱ्याला हत्यारं पाटावर मांडली जायची, स्क्रूड्रायव्हर, चिमटे, कॅलिपर, सगळं. पण भिंगाची एकही वस्तू बाबा खोक्याबाहेर काढत नसत. कुंकू खोक्याच्या झाकणाला.

"मिस्त्री, लायसन्सवर गोळ्या मोजून मिळतात," साहेब म्हणाले. "त्या कागदाला मारायला नसतात."

मी तिथे होते. माझ्या कानांनी ऐकलेलं आहे हे.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी साहेब आले. जीप दारात आडवी लावली, आत आले आणि क्लॅम्पसकट दुर्बीण टेबलावर आपटली. बाबांनी आधी दुर्बिणीकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"तुमच्या रिपेअरिंगने माणूस मेला असता," साहेब म्हणाले.

ते उभ्याउभ्याच सांगत गेले. आदल्या दिवशी सकाळी हाकारा केला. डुक्कर झुडपांतून भाताच्या कडेला आलं. क्रॉस बरोबर त्याच्या खांद्यावर होता, शंभर टक्के. गोळी मारली, डुक्कर पळालं आणि डावीकडून ओरडण्याचा आवाज आला. गोळी बांधाजवळ उभ्या असलेल्या त्या कातकऱ्याच्या गुडघ्यात बसली होती. तो सरकारी दवाखान्यात होता. पाय राहील की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते.

"गोळी हात-दीड हात डावीकडे गेली," साहेब म्हणाले. "दुर्बीण फॉल्टी. उद्या हवालदार येईल तुमचा जबाब घ्यायला. तोपर्यंत खोलून बघा काय चूक राहिली ती आणि तसं लिहून द्या. अ‍ॅक्सिडेंट आहे, कोणाला काही होणार नाही. तुम्ही लिहून दिलंत की विषय संपला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक माणूस पाय धरून दवाखान्यात पडलाय आणि हा माणूस त्याचं खापर एका मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्यावर फोडायला निघाला होता, तेही इतक्या सहज, जसा नोकराला चहा सांगावा. मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही, आवाज चढला होता एवढं आठवतं. बाबांनी हात वर करून मला थांबवलं आणि साहेबांना म्हणाले, "ठेवून जा. बघतो."

जीप गेल्यावर आम्ही दोघं टेबलाशी बसलो. शेवटचं मीच बघितलं होतं. 'नाही हलली' मीच म्हटलं होतं. जर ती हलली असेल आणि मला दिसलं नसेल, तर त्या माणसाचा पाय माझ्या डोळ्याने गेला होता.

बाबा म्हणाले, "आधी काही फिरवू नको. बघ."

मी बघितलं. रिंग पाचवर होती. क्लॅम्पच्या चारही स्क्रूंवरची लाल रेघ तुटलेली होती आणि स्क्रूच्या खाचा नाण्याने आवळल्यासारख्या चेपल्या होत्या. बाबांनी स्क्रू काढले आणि क्लॅम्पचं वरचं अर्धं उचललं. त्याच्या आतल्या बाजूला, जिथे लोखंड नळीला चिकटून बसतं, कुंकू होतं. सुकलेलं, तेलकट, त्यात हळदीचे कण आणि झेंडूच्या पाकळीचा एक तुकडा. बंद क्लॅम्पमध्ये कुंकू शिरायला वाट नसते. दुर्बीण काढली होती, पाटावर वेगळी ठेवली होती, रायफलला वेगळं, क्लॅम्पला वेगळं, दुर्बिणीला वेगळं कुंकू लावलं होतं, आणि मग घरातल्या कोणीतरी एका नाण्याने सगळं परत जोडलं होतं. कुंकवाच्या त्या थरावर नळी तिरकी बसली होती. कागदावर एकही गोळी मारली नव्हती. आणि हाकाऱ्यात रिंग पाचवर होती.

मी अक्षरशः टाळी वाजवली. लाज वाटते आता, पण वाजवली. माझा डोळा चुकला नव्हता. "सापडला," मी म्हटलं. "उद्या हवालदाराला हे असंच दाखवू."

बाबांनी दुर्बीण एकटी खाचेत ठेवली. संध्याकाळच्या उन्हात सुळका स्वच्छ होता. शंभर ठोके मारले. "हलली का?" "नाही हलली." त्यांनी सुस्कारा सोडला, क्लॅम्पचे तुकडे एका ताटलीत काढून ठेवले आणि आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरून बाहेरच्या खोलीत आले तर स्पिरिटचा वास येत होता. टेबलावर दुर्बीण चकचकीत होऊन बसली होती. क्लॅम्प आतून बाहेरून पुसलेला, स्क्रूंच्या चेपलेल्या खाचा कानशीने साफ केलेल्या, त्यांच्यावर नवी लाल रेघ ओढलेली. रिंग दीडवर. बाबा हात पुसत होते.

"हे काय केलंत?" मी म्हटलं.

"वस्तू परत द्यायची आहे," ते म्हणाले. "मळकी कशी देऊ?"

"बाबा, तो पुरावा होता."

"आळ आपल्यावर आहे. तो चाचणीने जाईल. दुर्बीण बरोबर आहे हे मी दाखवणार. त्याच्यापुढे आपलं काम नाही."

मी त्यांना किती बोलले याला गणती नाही. घाबरलात का, विचारलं. साहेबाचं पुढचं काम जाईल म्हणून का, विचारलं. ते खरंच सवयीने झालं होतं, की सवयीच्या आड लपून केलं होतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढं मात्र खरं की आदल्या संध्याकाळी त्यांनी ते तुकडे ताटलीत जसे होते तसे ठेवले होते. म्हणजे रात्र मध्ये गेली होती. विचार करायला वेळ मिळाला होता.

अकराच्या सुमारास साहेब आणि हवालदार आले. हवालदार वयस्क होता, बाबा फौजी हे कळल्यावर खुर्चीत जरा सावरून बसला. बाबांनी त्याला खिडकीशी नेलं, सुळका दाखवला, फुली दाखवली, हातोडी त्याच्याच हातात दिली. हवालदार मोजत ठोकत होता. पन्नास झाल्यावर बाबांनी दुर्बीण खाचेत ठेवली. हवालदाराने एक डोळा मिटून बघितलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"जिथल्या तिथं आहे," तो म्हणाला. "मग गोळी गेली कशी?"

बाबा म्हणाले, "ते मी सांगू शकत नाही. दुर्बीण बरोबर आहे, एवढंच मी सांगतो."

मी दारात उभी होते. बोलायला तोंड उघडलंही होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. दटावणं नव्हतं त्या बघण्यात, विनवणी होती, आणि त्यांना विनवणी करताना मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. क्लॅम्प तेव्हा चकचकीत होता. मी काही सांगितलं असतं तर हवालदाराने पहिलं हेच विचारलं असतं की मग ते कुंकू कुठे आहे, कोणी पुसलं. मी मूग गिळून उभी राहिले.

साहेब मात्र हुशार. काल दुर्बीण फॉल्टी म्हणून आदळणारा माणूस, त्याने एका क्षणात कूस बदलली. "बरोबर आहे हवालदारसाहेब," तो म्हणाला. "दुर्बीण बरोबर, क्लॅम्प बरोबर, माझा नेम पण बरोबर. मग एकच राहतं. तोच जागा सोडून पुढे आला. यांना सांगून ठेवलेलं असतं, हलू नका म्हणून. ऐकतात का?"

हवालदाराने लिहून घेतलं. बाबांनी जबाबाखाली सही केली. त्यांची सही नेहमी सुंदर यायची, त्या दिवशीही आली. आपल्यावरचा आळ त्यांनी खरंच उडवून लावला आणि तो हवेतून जाऊन दवाखान्यात पडलेल्या माणसाच्या डोक्यावर बसला. पनवेलमध्ये मात्र गोष्ट दुसरीच पसरली. हवालदाराने स्वतः ठोकून बघितली आणि तरी फुली हलली नाही म्हणे. त्या हिवाळ्यात बाबांकडे काम दुप्पट झालं. जो तो त्यांच्या हाताची तारीफ करत होता आणि मी चहा देत होते.

मी दवाखान्यात गेले नाही. एकदा गेटपर्यंत गेले होते, तिथून परत फिरले. शाळेतून येताना तो रस्ता टाळायला लागले.

होळीच्या आधी चार-पाच दिवस तोच आमच्या दारात आला. बांबूच्या काठीवर भार देऊन, उजवा पाय न वाकवता, पायरीजवळ उभा राहिला. पाय राहिला होता, गुडघा राहिला नव्हता. मी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. तो पायरीवर बसला, पाय समोर सरळ ठेवून. आत बाबा टेबलाशी एक लेव्हल घेऊन बसले होते. मधलं दार उघडं होतं.

"ताई, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "कागदावर लिवलंय की मी जागा सोडली. त्याच्यामुळं सायेब कायच देत नाय, आनि आता दुसरा कोन पन हाकाऱ्याला बोलवत नाय. बोलतात, ह्याला जाग्यावर ऱ्हायला येत नाय. मी जागा सोडली नाय. बांधाजवळ दगड हाय, त्या दगडाला पाठ लावून उभा होतो."

मी मधल्या दाराकडे बघितलं.

"दसऱ्याला सायबाच्या घरात समदं येगळं येगळं करून पाटावर मांडलेलं. झेंडूची माळ मीच नेऊन दिली, मी बघितलं. पन माजं कोन ऐकनार? तुमी ती दुर्बीन खोलली होती. आत काय दिसलं का तुमाला? कुंकू, फूल, कायपन?" तो थांबला. "तुमची नजर लय चांगली हाय. त्या दिशी लांबून भोकं मोजलीत. तुमी हवालदाराला सांगितलं तर तो ऐकंल."

आतला हातोडीचा आवाज बंद झाला होता. बाबा ऐकत होते. ते बाहेर येऊ शकले असते. चार पावलांचं अंतर होतं. मी वाट बघितली, खरंच बघितली, त्यांनी उठावं म्हणून. खुर्ची हलल्याचा आवाज आला नाही. आणि मी खरं बोलले तर हा माणूस इथून थेट चौकीवर जाईल आणि पुरावा पुसणारा म्हणून माझ्या बापाला बोलावणं येईल, हे मला लख्ख दिसत होतं. माझी नजर चांगलीच होती.

"नाही," मी म्हटलं. "मला काही दिसलं नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं असं मला वाटलं. "बरं," म्हणाला. उरलेलं पाणी प्यायला, भांडं पायरीवर नीट उपडं ठेवलं आणि काठी टेकत स्टँडच्या रस्त्याला लागला. तो वळणाआड जाईपर्यंत बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ मी तिथेच उभी राहिले.

मला साहेबाचा राग आहे. बाबांचा त्याहून जास्त आहे, कारण ते वाईट माणूस नव्हते. पण त्या दुपारी पायरीवर बसलेल्या माणसाला तोंडावर खोटं सांगणारे ते दोघे नव्हते.

"ये गं," आतून बाबांनी हाक मारली. आवाज नेहमीसारखाच होता. "बघ जरा."

मी आत गेले. लेव्हल खिडकीतल्या ठोकळ्यावर होती. मी डोळा लावला. डोळ्यांत पाणी भरलं होतं, पलीकडे नुसता उजेड दिसत होता. सुळका कुठे, फुली कुठे, काही कळत नव्हतं.

"हलली का?"

"नाही हलली," मी म्हटलं.

बाबांनी मऊ फडकं घेतलं, लेव्हल सगळीकडून पुसली आणि खोक्यात ठेवली.